कॉन्फिग०चं बारसं

दार जरा लोटून घ्या. हे बाहेर गेलं तर आमच्या मजल्यावर मला चहासुद्धा कोणी विचारणार नाही.

आमच्या टीममध्ये एक चिरंजीव आहेत. वय चोवीस, नोकरीला लागून आठ महिने, कानात कायम ती पांढरी बोंडं. मागे एका दुपारी डबा खाऊन हा मुलगा जागेवर बसला आणि साडेचारच्या चहाला उठला. तेवढ्या वेळात त्याने पाचशे शहात्तर टेस्ट लिहिल्या. ५७६! मी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. स्क्रीनभर हिरवी टिंबं, कोणी रांगोळीचे ठिपके काढून ठेवावेत तशी. म्हटलं, "अरे, बोटं आहेत ना जागेवर?" तर म्हणाला, "मॅडम, लिहिली एकच. बाकीच्या झाल्या."

बाकीच्या झाल्या म्हणे! काय हे दिवस आले. मी या धंद्यात आले तेव्हा टेस्ट केस एक्सेलमध्ये राहायची. एका केसला एक ओळ. काय करायचं, काय व्हायला हवं, काय झालं, आणि शेवटच्या रकान्यात पास की फेल. पन्नास ओळी भरल्या की माणूस दमायचा आणि एक्कावन्नावी खरंच हवी का, असा विचार त्याला आपोआप सुचायचा. दमणूक गेली आणि तिच्याबरोबर तो विचारही गेला, असं माझं म्हणणं आहे. पण आमचं कोण ऐकतो?

ज्यांच्या घराला ही बाधा अजून झालेली नाही त्यांना थोडक्यात सांगते. याला पॅरामीटराइज्ड टेस्ट म्हणतात. साचा एक, मोदक एकवीस. टेस्टचं फंक्शन एकदाच लिहायचं, त्याच्या डोक्यावर एक चिठ्ठी चिकटवायची आणि चिठ्ठीत सारणाची यादी द्यायची. यादीत जितकी नावं तितक्यांदा साधन ती टेस्ट चालवतं आणि प्रत्येकीचा निकाल वेगळा लावतं. इथपर्यंत कोणाची हरकत नाही. भानगड पुढे आहे. एका चिठ्ठीवर दुसरी चिकटवता येते, दुसरीवर तिसरी, आणि मग साधन सगळ्यांचा गुणाकार करून मोकळं होतं.

आमचा माल म्हणजे पावतीचा प्रोग्राम. दुकानातल्या काउंटरवर छोट्या प्रिंटरमधून जी पावती सरसर बाहेर येते ना, तीच. तिला पर्याय किती असावेत? अंक मराठी की इंग्रजी, हे दोन. स्वल्पविराम लाख-कोटीच्या चालीने, मिलियनच्या चालीने की मुळीच नकोत, हे तीन. पैसे दाखवायचे, जवळच्या रुपयात बसवायचे की छाटायचे, हे तीन. जीएसटी किमतीत धरलेला की वेगळा, दोन. सवलत आहे की नाही, दोन. भाषा मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी, चार. कागद रुंद की अरुंद, दोन. आता म्हणा पाढा: दोन त्रिक सहा, सहा त्रिक अठरा, अठरा दुणे छत्तीस, छत्तीस दुणे बहात्तर, बहात्तर चोक दोनशे अठ्ठ्याऐंशी, आणि कागदाचे दुणे पाचशे शहात्तर. सात चिठ्ठ्या, एक फंक्शन, मुलगा चहाला मोकळा.

प्रत्येक टेस्ट डेटाबेसशी दोन शब्द बोलून येते, तिला लागतात दोन सेकंद. म्हणजे पूर्ण फेरीला १९ मिनिटं १२ सेकंद. मग मीटिंगमध्ये कोणाला तरी कल्पना सुचली, पावतीवर यूपीआयचा क्यूआर छापायचा की नाही हाही पर्याय ठेवू. लहानशी तर गोष्ट! आठवी चिठ्ठी लागली आणि ५७६च्या ११५२ झाल्या, मिनिटं ३८च्या वर गेली. कोणाच्या कपाळावर आठी नाही. उलट शुक्रवारच्या डेमोत टेस्टचा आकडा दुप्पट झाला म्हणून टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. काय करणार, समोर साहेब बसले होते.

हे खूळ काल-परवाचं नाही बरं का. घराणं जुनं आहे. जावाच्या दुनियेत टेस्टचा संसार ज्याने थाटून दिला त्या जेयुनिटचा जन्म १९९७ साली झ्युरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात झाला. केंट बेक आणि एरिक गामा शेजारी बसले होते, दोघांच्या मध्ये एक लॅपटॉप. आपल्याकडे लोक प्रवासात पत्ते काढतात, यांनी हे काढलं. त्या घरात २००६च्या चौथ्या आवृत्तीत पॅरामीटरवाली सून आली, पण सासुरवास फार. एक टेस्ट पॅरामीटराइज करायची तर अख्खा क्लास तिच्या नावावर करून द्यावा लागे. २०१७ साली पाचवी आवृत्ती आली तेव्हा तिला मोकळा श्वास मिळाला. गो भाषेची माणसं साधी, ती कोष्टक मांडतात आणि त्यावर लूप फिरवतात. डॉटनेटमधल्या एक्सयुनिटचा थाट वेगळाच. तिथे साध्या टेस्टला म्हणतात फॅक्ट आणि पॅरामीटरवालीला थिअरी. एकदा खरं ठरलं तर वस्तुस्थिती, दहा वेळा ठरलं तर सिद्धांत. बारशालाच पीएचडी.

आणि पायथनवाल्यांच्या पायटेस्टचं सोवळं तर विचारूच नका. त्यांच्याकडे या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ई' कमी आहे, 'पॅरामीट्राइज' म्हणा ना. तुम्ही शब्दकोशाप्रमाणे 'पॅरामीटराइज' लिहिलंत किंवा विलायती थाटात 'झेड'च्या जागी 'एस' घातलात, तर ते गप्प बसत नाही. या चुकीच्या तीन स्पेलिंगांची यादी त्यांनी प्रोग्राममध्येच लिहून ठेवली आहे, आणि तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का, असं विचारून टेस्ट तिथल्या तिथे पाडतात. चूक काय झाली ते समजलं, बरोबर काय हवं तेही समजलं, तरी चालू द्यायचं नाही! आमच्या शाळेत शुद्धलेखनाच्या बाई अशाच होत्या. जेयुनिटच्या घरात मात्र तो 'ई' हवाच. दोन्ही घरी वावरणाऱ्या पोरींचे हाल कुत्रं खात नाही.

आता एक कबुली, आवाज खाली करून. मला हे आवडतं.

झालं असं की आमच्याकडे पूर्वी हीच कामं लूपने चालत. एका टेस्टच्या पोटात यादी, यादीवर लूप. तिसऱ्या ओळीला घोटाळा झाला की टेस्ट तिथेच मान टाकायची आणि चौथीपासून चाळिसावीपर्यंत काय चाललंय हे परमेश्वराला ठाऊक. तिसरी दुरुस्त करा, मग सातवी मरते. सातवी करा, मग अकरावी. एका शनिवारी संध्याकाळपर्यंत मी असे नऊ मुडदे एकामागून एक उचलले आहेत. पॅरामीटराइज केलं की सगळे लाल-हिरवे एकदम दिसतात, आणि लाल कुठल्या बाजूला साचलेत ते पाहूनच निम्मं निदान होतं.

एकदा सगळे लाल 'मराठी अंक' आणि 'स्वल्पविराम' या दोन पर्यायांच्या चौकातच साचलेले दिसले. मराठी अंक एकटे, ठीक. स्वल्पविराम एकटे, ठीक. दोघं एकत्र आले की सव्वा लाखाची रक्कम १२५००० अशी सलग, श्वास न घेता. आत डोकावलं. प्रोग्राम आधी अंक मराठी करत होता आणि मग स्वल्पविराम घालायला आकडे शोधत होता. शोधायचं काय, तर इंग्रजी शून्य ते इंग्रजी नऊ. मराठी अंक पाहून त्याने मान वळवली, ओळख दाखवली नाही. गंमत अशी की पायथन स्वतः या बाबतीत मोठ्या मनाचा आहे. देवनागरीत १२५ लिहून दिलं तरी तो संख्या म्हणून वाचतो, आणि 'कोणताही अंक' अशी त्याची जी खूण आहे तीत आपले अंकही धरलेले आहेत. पण आमच्या कोणा काळजीवाहू पूर्वसूरीने नेमकेपणाच्या हौसेने इंग्रजी शून्य ते नऊ असं कुंपण घातलं होतं. माझ्या जुन्या एक्सेलमध्ये मराठी अंकांची ओळ होती, तिची रक्कम होती अडीचशे रुपये. अडीचशेला स्वल्पविराम लागतोच कुठे? कित्येक वर्षं ती ओळ पास होत होती. तेव्हा पोरांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. फक्त चारचौघांत म्हणत नाही एवढंच.

पण नावं! नावांचं काय करायचं ते सांगा.

रात्री अडीचला फोन वाजतो. बिल्ड पडलंय. कुठली टेस्ट? पलीकडचा बिचारा वाचून दाखवतो, "पावती, चौकटी कंस, ट्रू, कॉन्फिग दोन, फॉल्स, कॉन्फिग शून्य, नन, फॉल्स." ही टेस्ट आहे की कपड्यांच्या लाँड्रीचा बिल्ला? यादीत साध्या संख्या किंवा शब्द असले तर साधन त्यांचंच नाव करतं. पण अख्खी वस्तू दिलीत तर तिला नाव काय द्यायचं हे त्याला कळत नाही, मग ते क्रमांक टाकतं: कॉन्फिग०, कॉन्फिग१, कॉन्फिग२. अनाथाश्रमाच्या रजिस्टरसारखं. वरून आणखी एक खोडी. चिठ्ठ्या तुम्ही वरून खाली वाचता, पण कंसातली नावं खालच्या चिठ्ठीपासून सुरू होतात. झोपेत हे उलटं वाचायचं आणि मग मोजत बसायचं, कॉन्फिग२ म्हणजे तिसरा की दुसरा.

नाव द्यायची सोय नाही असं नाही. आहे, प्रत्येक ओळीला देता येतं, एका शब्दाचं काम. पण लेकरं जन्माला घालायची घाई इतकी की बारशाला कोणाला वेळ नाही.

आणि मी उत्साहाने नावं मराठीत द्यायला गेले, तर त्याचं रामायण आणखी वेगळं. म्हटलं, पावती मराठी, अंक मराठी, टेस्टचं नाव का नको? 'पावती' असं सुरेख नाव दिलं. निकालात काय उमटावं? उलट्या काट्या आणि 'यू' घातलेली कोडी. पाच अक्षरचिन्हांच्या पावतीचे तीस रोमन चिन्हांचे डबे, मालगाडीसारखे. पायटेस्ट रोमनबाहेरची सगळी अक्षरं अशीच सोलून ठेवतं. हे बंद करता येतं का? येतं. त्यासाठी एक सेटिंग आहे, आणि तिचं नाव मी आता देवनागरीत लिहिते. पाणी पिऊन घ्या. डिसेबल_टेस्ट_आयडी_एस्केपिंग_अँड_फॉरफिट_ऑल_राइट्स_टू_कम्युनिटी_सपोर्ट. मी थट्टा करत नाही, खरंच असं नाव आहे. अर्थ असा की नावं सोलणं बंद करा, आणि समाजाकडून मदत मागण्याचे सर्व हक्क मी या क्षणापासून सोडून देत आहे. स्वतःच्या लिपीत टेस्टला नाव ठेवायचं तर आधी वाळीत पडायची तयारी लिहून द्या! तशी त्यांचीही बाजू आहे. संगणक कोणता, वर कोणते प्लगइन बसवलेत यावर ही अक्षरं कधी काय दगा देतील त्याचा भरवसा नाही. पण अशी ताकीद थेट सेटिंगच्या नावातच कोंबणारा जो कोणी असेल, त्याचं आजोळ नक्की सदाशिव पेठेत.

मी ती सेटिंग लावली. अजून तरी मदत मागायची वेळ आलेली नाही.

उष्ट्या ताटाचंही सांगून टाकते. पायटेस्ट यादीतली वस्तू टेस्टला देताना तिची प्रत काढत नाही, जशी आहे तशी पानात वाढतं. पहिल्या टेस्टने त्या वस्तूच्या पोटात जीएसटीचा आकडा बदलला की दुसरीच्या पानात तेच उष्टं ताट. एकेकटी चालवली की प्रत्येक टेस्ट पास, पंगतीत बसवली की नेमकी मधलीच ओकते. त्यांच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलंय, पण माहितीपत्रक वाचायचं म्हणजे... असो.

खरी अब्रू गेली ती पुढच्या प्रकरणात. इथे मी आवाज खाली करत नाही.

यूपीआयची चिठ्ठी तूर्त सोडून द्या, मूळच्या ५७६ टेस्ट म्हणजेच ५७६ उत्तरं हवीत. बरोबर उत्तर काय, हे कोणीतरी सांगायला नको का? एक्सेलच्या काळात आम्ही कॅल्क्युलेटर घेऊन बसायचो. चिरंजीवांनी काय केलं, टेस्टच्या आतच एक छोटं फंक्शन लिहिलं. जीएसटी वेगळा असेल तर असं, सवलत असेल तर तसं, पैसे छाटायचे असतील तर आणखी तसं. बरोबर उत्तर ते फंक्शन काढणार, प्रोग्राम आपलं उत्तर काढणार, आणि दोन्ही जुळतात का ते टेस्ट बघणार. आता सांगा, ते छोटं फंक्शन कुठून आलं? मूळ प्रोग्राम उघडून, शेजारी ठेवून, त्याच्याकडे बघत बघत. ज्याने पेपर लिहिला त्यानेच तपासला, आणि शंभरपैकी शंभर.

एक हजार रुपयांचा माल घ्या. सवलत सरळ शंभर रुपये, पावतीवरच दाखवलेली. जीएसटी अठरा टक्के, वेगळा. सवलत आधी वजा होते, उरतात नऊशे, त्यावर कर एकशे बासष्ट, एकूण १०६२. कर हा पावतीवरची सवलत वजा जाता उरलेल्या किमतीवर लागतो, कायदाच तसा आहे. आमचा प्रोग्राम मात्र आधी हजारावर एकशे ऐंशी कर लावत होता आणि मग शंभर वजा करत होता. १०८०. गिऱ्हाइकाच्या खिशातून अठरा रुपये जास्त. सवलत टक्क्यांत असती तर हा घोटाळा दिसलाही नसता, कारण दहा टक्के आधी काढा की नंतर काढा, उत्तर १०६२च येतं. म्हणून तर तो इतके दिवस टिकला. टेस्टमधल्या छोट्या फंक्शनमध्येही आधी कर, मग सवलत. दोघांचंही उत्तर १०८०. हिरवं टिंब.

जीएसटी वेगळा आणि सवलत आहे, अशा ओळी पाचशे शहात्तरांत किती? चौथा हिस्सा. १४४. म्हणजे एकशे चव्वेचाळीस टेस्ट चुकीच्या उत्तरावर एकमताने हिरव्या होत्या. घोटाळा पकडला कोणी? एका दुकानदाराच्या मुनीमजींनी, पेन्सिलीने, पावतीच्या पाठीवर.

त्यानंतर आमच्याकडे एक नियम झाला. पैशाची उत्तरं हाताने काढायची, आकडा म्हणून ओळीत लिहायची, आणि टेस्टच्या पोटात 'असेल तर, नसेल तर' दिसलं की लिहिणाऱ्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा. पहिल्या आठवड्यात माझे दोनशे रुपये गेले.

हाताने लिहायचं म्हटल्यावर ५७६ ओळी कोण लिहितो? मग अक्कल आली की निवड करावी लागेल. आणि इथे मला माझे आजोबा आठवले, ते लीलावतीतली कोडी घालायचे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या त्या ग्रंथात एका राजाच्या महालाचं गणित आहे. महालाला आठ झरोके. एक उघडा ठेवून, दोन उघडे ठेवून, तीन ठेवून, असे किती प्रकार होतात? आठ, अठ्ठावीस, छप्पन, सत्तर, पुन्हा छप्पन, अठ्ठावीस, आठ आणि एक. एकूण २५५. आता मला सांगा, आठ झरोके उघडे की बंद, हे आठ सेटिंग चालू की बंद याहून वेगळं आहे का? साडेआठशे वर्षांपूर्वी आपल्याकडे कॉन्फिगरेशनचं मॅट्रिक्स मोजून झालेलं आहे. तिथेच ते सहा रसांचे प्रकारही मोजतात, ६३, म्हणजे डेमोनंतरच्या जेवणाचीही सोय.

आचार्य म्हणतात २५५, कारण सगळे झरोके बंद हा प्रकार त्यांनी धरला नाही. राजाला गुदमरवण्यात त्यांना रस नसावा. तो धरला की होतात २५६. आणि योगायोग पाहा, गिटहबवर मॅट्रिक्स लावून एका फेरीत जास्तीत जास्त किती कामं काढता येतात? बरोबर २५६. आठ झरोक्यांचा महाल काठोकाठ मावतो, नववा झरोका पाडलात की दारावरचा शिपाई अडवतो. हा शिपाई मला फार आवडतो. आणि सगळं बंद हीच ती ओळ जी आमची पोरंही हमखास विसरतात. एकही पर्याय न निवडता 'ठीक आहे' दाबणारं गिऱ्हाईक त्यांच्या कल्पनेतच नसतं. आमच्या गिऱ्हाइकांत निम्मे तसेच.

निवडीची युक्तीही आपल्याच माणसाच्या हिशोबाची. सी. आर. राव, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले थोर संख्याशास्त्रज्ञ, २०२३ साली वयाच्या १०२व्या वर्षी गेले. त्यांनी १९४७ साली प्रयोगांच्या मांडणीसाठी अशी कोष्टकं बसवली की थोड्याच ओळींत कोणत्याही दोन रकान्यांच्या सगळ्या जोड्या येऊन जाव्यात. सॉफ्टवेअरवाल्यांनी पुढे ही कल्पना टेस्टसाठी उचलली. करून बघा, पाटीवर मावतं. अंक, जीएसटी, सवलत, तिघांचे दोन-दोन पर्याय, गुणाकार आठ. पण या चारच ओळी घ्या: इंग्रजी अंक, जीएसटी वेगळा, सवलत नाही. इंग्रजी, किमतीत, आहे. मराठी, वेगळा, आहे. मराठी, किमतीत, नाही. आता कोणतेही दोन रकाने झाका-उघडा, त्यांच्या चारही जोड्या सापडतील. तिघांत हा फायदा निम्माच वाटतो. पण दहा चालू-बंद पर्याय घेतले तर १०२४च्या जागी सहा ओळी पुरतात. सहा! मी आधी विश्वास ठेवला नाही, कागदावर मांडून पाहिलं.

आमच्या पावतीला बाराच्या खाली जाता येत नाही, कारण चार भाषा आणि तीन स्वल्पविराम यांच्याच जोड्या बारा. मायक्रोसॉफ्टचं पिक्ट नावाचं फुकट साधन अशी कोष्टकं मांडून देतं. बहुतेक घोटाळे एका किंवा दोन पर्यायांच्या संगनमताने होतात, हे अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या लोकांनी वैद्यकीय उपकरणांपासून ब्राउझरपर्यंतच्या बिघाडांच्या नोंदी चाळून दाखवलेलं आहे. तिघांचं, चौघांचं संगनमतही असतं, पण सहाच्या पुढे गेलेलं त्यांना त्या नोंदींत सापडलं नाही. तेव्हा जोड्यांवर सगळं सोपवून झोपायचं नाही. जिथे पैसा आहे तिथल्या ओळी आम्ही वेगळ्या, हाताने, नावानिशी लिहितो. '१०६२_आधी_सवलत_मग_कर' हे माझ्या सगळ्यात लाडक्या टेस्टचं नाव आहे.

चिरंजीवांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक प्रश्न विचारला. पोरगं हुशार आहे, तोंडावर म्हणणार नाही. "मॅडम, रुंद कागद कोण वापरतं?" शोधाशोध झाली. एक गिऱ्हाईक होतं, त्याच्यासाठी तो पर्याय काढला होता, आणि ते सोडून गेल्याला चार वर्षं झाली. आणि आमच्या अर्ध्या टेस्ट अजून त्या निघून गेलेल्या माणसाच्या कागदावर छपाई करत होत्या. पर्याय काढून टाकला, टेस्ट निम्म्या झाल्या. अशा मेलेल्या पर्यायांना हसू नका. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहाराच्या कंपनीत एक जुना, कित्येक वर्षं न वापरलेला कोड तसाच पडून होता. त्याचा स्विच त्यांनी नव्या कामाला जुंपला. आठपैकी सात सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढला, आठवा राहिला. १ ऑगस्ट २०१२ला सकाळी बाजार उघडला, आठव्याने तो स्विच चालू पाहून जुनंच काम सुरू केलं, आणि पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर गेले.

तर आता आमच्याकडे जोड्यांच्या चौदा ओळी आहेत, पैशाच्या अकरा, आणि सगळं बंद असलेली एक. रात्रीची फेरी मिनिटाच्या आत आटोपते. डेमोत आकडा छोटा दिसला म्हणून टाळ्या पडल्या नाहीत.

राहता राहिला तो कॉन्फिग०. रात्री अडीचला ज्याने मला उठवलं त्याचा बाप शोधायचाच म्हणून मी काल गिटमध्ये त्या ओळीची वंशावळ काढली. ओळ २०१९ची, आणि पुढे नाव माझं. चिरंजीव मागे उभे होते, त्यांनीही वाचलं.

बारसं येत्या शुक्रवारी, साडेचारच्या चहाला. घुगऱ्या मी आणते आहे, नावं तुम्ही सुचवा.